बुरशीने घडवलेली चांदी आणि जंतुरोधक कापड

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदी विरघळलेली असते, म्हणजे तिचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन गमावून आयन झालेला असतो. तो इलेक्ट्रॉन परत मिळाला की आयनाचा पुन्हा अणू होतो. असे अणू एकमेकांना चिकटत कण तयार होतो, आणि तो काही नॅनोमीटरचा असतानाच त्याची वाढ थांबवता आली तर चांदीचे नॅनोकण हाती येतात. कामे दोनच: इलेक्ट्रॉन पुरवायचा आणि वाढ वेळेवर रोखायची. रसायनशाळेत पहिल्या कामाला सोडियम बोरोहायड्राइड किंवा सोडियम सायट्रेट वापरतात आणि दुसऱ्याला कणांना लपेटून ठेवणारे एखादे पॉलिमर. बुरशीच्या काही जाती ही दोन्ही कामे आपल्या शरीरातून पाझरलेल्या प्रथिनांच्या जोरावर करतात, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. अशी चांदी सुती कापडावर चढवून ते जंतुरोधक करण्याचे प्रयोग पुण्या-मुंबईपासून ब्राझील आणि इजिप्तपर्यंत झाले आहेत.

कापडाला जंतूंचे वावडे नसते. सूत ओलावा धरून ठेवते, अंगाची उष्णता त्याला मिळते, आणि घाम, कातडीचा कोंडा व कापडात राहिलेली खळ यांतून खाद्याचीही सोय होते. घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्यातले घटक फोडतात तेव्हा तो येतो. रुग्णालयातल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे गाऊन यांची गोष्ट याहून गंभीर असते. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू कोरड्या कापडावरही कित्येक दिवस तग धरतो. जंतुरोधक कापडाच्या या दोन गरजा, एक दुर्गंधीची आणि दुसरी संसर्गाची, एकाच नावाखाली विकल्या जातात, पण त्यांचे वजन सारखे नाही. पुढे चांदी किती आणि कुठे वापरावी हा प्रश्न आला की हा फरक महत्त्वाचा ठरतो.

औषध म्हणून चांदीचा वापर जुना आहे. नवजात बाळांच्या डोळ्यांना प्रसूतीच्या वेळी होणारा संसर्ग टाळण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत जर्मन वैद्य कार्ल क्रेडे यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी मांडली. १९६५मध्ये अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटच्या पट्ट्या वापरल्या जाऊ लागल्या, आणि १९६८मध्ये सिल्व्हर सल्फाडायाझिन आले. भाजल्यावर लावायचे पांढरे मलम म्हणून आपल्याकडे घराघरात ठाऊक असलेले औषध ते हेच.

नॅनोकणांनी यात भर घातली ती पृष्ठभागाची. एक ग्रॅम चांदीचा ठोकळा केला तर त्याची बाजू साडेचार मिलिमीटरच्या आसपास येते आणि सगळा पृष्ठभाग मिळून सव्वा चौरस सेंटीमीटर. तीच चांदी दहा नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत विभागली तर एकूण पृष्ठभाग सुमारे ५७ चौरस मीटर होतो. अशा एका गोळीत अणू जेमतेम तीस हजार. जंतूंशी गाठ पडते ती पृष्ठभागाची, आणि चांदीचा ठोकळा जिथे वर्षानुवर्षे निवांत पडून राहील तिथे हे कण हवेतल्या ऑक्सिजनच्या व ओलाव्याच्या संगतीने हळूहळू पुन्हा आयनांत विरघळत राहतात.

जंतूंना मारतो तो मुख्यतः हा आयन. प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांशी तो घट्ट जोडला जातो. त्यामुळे पेशीची श्वसनसाखळी बिघडते, पटलाला गळती लागते आणि एन्झाइमे निकामी होतात. कण स्वतः काही वेगळे मारक काम करतो की तो केवळ आयनांचा साठा आहे, हा वाद बरीच वर्षे चालला. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या गटाने २०१२मध्ये त्यावर सरळ प्रयोग केला. ऑक्सिजन पूर्ण वगळला की कणांतून आयन सुटत नाहीत, आणि तशा स्थितीत ते कण ई. कोलाय जिवाणूंना जवळजवळ निरुपद्रवी ठरले. कापडासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. धाग्यावरचा कण टिकूनही राहिला पाहिजे आणि थोडाथोडा विरघळतही राहिला पाहिजे. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणी तिथूनच येतात.

सूक्ष्मजीव चांदीचे कण बनवू शकतात हे १९९९मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी ठळकपणे दाखवले. चांदीच्या खाणीतून मिळालेला स्यूडोमोनास स्टुट्झेरी हा जिवाणू आपल्या पेशीत दोनशे नॅनोमीटरपर्यंतचे स्फटिक साठवत होता. पुढचे पाऊल पुण्यात पडले. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि अब्सार अहमद यांच्या गटात रसायनशास्त्रज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करत होते. २००१मध्ये त्यांनी व्हर्टिसिलियम या बुरशीचे काम प्रसिद्ध केले. बुरशीचा पांढुरका गोळा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवल्यावर तपकिरी झाला. कण सरासरी २५ नॅनोमीटरचे होते आणि ते बुरशीच्या पेशीभित्तिकेत व पटलावर अडकले होते. चांदी पोटात घेऊनही बुरशी मेली नाही, नंतर वाढत राहिली, हे त्या कामातले विशेष निरीक्षण. मात्र व्यवहाराच्या दृष्टीने हे कण गैरसोयीचे होते, कारण ते बाहेर काढायचे तर पेशी फोडाव्या लागतात आणि मग पेशींच्या चोथ्यातून कण वेगळे करण्याचे जिकिरीचे काम मागे लागते.

ती गैरसोय २००३मध्ये दूर झाली. त्याच गटाने फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी घेतली आणि कण पेशीच्या बाहेर, पाण्यात तयार होताना दाखवले. आकार ५ ते १५ नॅनोमीटर. द्रावणात बुरशीने सोडलेली प्रथिने होती आणि त्यांचा थर बसल्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नव्हते. त्याच कुळातल्या फ्युजेरियम मोनिलिफॉर्मला मात्र हे जमले नाही. म्हणजे कोणतीही बुरशी टाकली आणि चांदी मिळाली असे नसून विशिष्ट जातीच्या विशिष्ट स्रावांवर सगळे अवलंबून आहे.

फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम हे नाव शेतकऱ्याला फारसे ठाऊक नसेल, तिची करणी चांगलीच ठाऊक असते. हरभऱ्याचा मर रोग आणि केळीचा पनामा रोग याच बुरशीच्या निरनिराळ्या प्रकारांमुळे होतात. मुळांतून शिरून ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या चोंदवते, आणि उभे झाड माना टाकते. असा परजीवी भरपूर एन्झाइमे बाहेर सोडणारा असतो. अन्न तोंडात घालून पचवण्याची सोय बुरशीला नाही, त्यामुळे ती पाचकरस बाहेर ओतते, तिथेच अन्न विरघळवते आणि मग शोषून घेते. चांदी घडवण्याच्या कामी बुरशी जिवाणूंपेक्षा सरस ठरली ती या सवयीमुळे. स्राव भरपूर आणि तोही बाहेर. शिवाय धाग्यांचा गोळा साध्या गाळणीने वेगळा करता येतो. जिवाणूंचा गढूळ रस्सा साफ करायला सेंट्रिफ्यूज लागतो.

प्रयोगाची रीत फार अवघड नाही. माल्टचा अर्क, ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि पेप्टोन यांचे निर्जंतुक केलेले पोषकद्रव चंबूत घेऊन त्यात बुरशीचे विरजण सोडतात आणि २५ ते २८ अंश सेल्सिअसला तीन-चार दिवस शेकरवर हलवत ठेवतात. हलवल्यामुळे सायीसारखा थर न येता बुरशीच्या गोळ्या होतात. त्या गाळून ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हापुन्हा धुतात. पोषकद्रवाचा अंश राहिला तर त्यातली साखर आणि पेप्टोनही चांदीशी खेळ करतात, आणि मग श्रेय कोणाचे हे कळत नाही. धुतलेल्या ओल्या बुरशीचे दहा ग्रॅम १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात दोन-तीन दिवस ठेवतात. बुरशी उपाशी असते आणि आपले स्राव पाण्यात सोडत राहते. मग ती गाळून टाकतात. खरे काम या गाळलेल्या, फिक्या पिवळसर पाण्यात होते. त्यात एक मिलिमोलर होईल इतके, म्हणजे लिटरला १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घालून चंबू अंधारात ठेवतात.

पहिल्या तासांत काही दिसत नाही. मग द्रव लिंबासारखा पिवळा होतो, पुढे मधाच्या रंगाचा आणि शेवटी गर्द तपकिरी. शेजारी दोन चंबू ठेवलेले असतात, एकात नुसते सिल्व्हर नायट्रेट, दुसऱ्यात नुसते बुरशीचे पाणी. हे दोन्ही जसेच्या तसे राहिले तरच मधल्या चंबूच्या रंगाला अर्थ असतो. तपकिरी रंग येतो तो कणांमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक डोलण्यामुळे. ते ४०० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश शोषतात आणि उरलेला पिवळा-तांबूस डोळ्यांपर्यंत पोहोचतो. नळाचे पाणी मात्र चालत नाही. त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो आणि प्रयोग तिथेच फसतो. चंबू उजेडात राहिला तर प्रकाशही चांदी पाडू लागतो, आणि बुरशीच्या वाट्याचे काम सूर्याच्या नावावर जमा होते.

इलेक्ट्रॉन नेमका देतो कोण? एनसीएलने पहिल्यापासून एनएडीएच या इलेक्ट्रॉनवाहक रेणूवर चालणाऱ्या रिडक्टेज, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या, एन्झाइमाकडे बोट दाखवले होते. ब्राझीलच्या काम्पिनास विद्यापीठातील नेल्सन दुरान यांच्या गटाने २००५मध्ये फ्युजेरियमचे अनेक वाण तपासून त्यात क्विनोन वर्गातल्या रंगद्रव्यांचीही भर घातली. त्यांच्या मते एन्झाइमाकडून मिळालेला इलेक्ट्रॉन चांदीपर्यंत नेऊन सोडण्याचे काम ही रंगद्रव्ये करतात. २००७मध्ये पुण्यातल्या गटाने बुरशीतून नायट्रेट रिडक्टेज शुद्ध करून परीक्षानळीतच, बुरशीवाचून, कण बनवून दाखवले. त्या नळीत एन्झाइम, इलेक्ट्रॉन वाहणारा एक रेणू, एनएडीपीएच आणि कणांना आवरणारा फायटोकेलाटिन नावाचा पेप्टाइड एवढे घटक पुरले. जिवंत बुरशीवाचूनही एन्झाइम हे काम करू शकते हे त्यातून सिद्ध झाले. प्रत्येक बुरशीत तोच मार्ग चालतो असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. काही प्रयोगांत गाळलेले पाणी उकळल्यावरही कण मिळतात, तेव्हा उष्णतेने मोडणाऱ्या एन्झाइमापेक्षा साखर, अमिनो आम्ले किंवा फिनॉलवर्गीय रेणू तिथे राबत असणार हे उघड आहे. ‘रिडक्टेजमुळे’ हे उत्तर बहुतेक शोधनिबंधांत एका ओळीत उरकले जाते, आणि ती ओळ दरवेळी तपासलेली असतेच असे नाही.

एनसीएलनंतर महाराष्ट्रात या कामाची एक मोठी फळी उभी राहिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मीनल कौशिक, किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये चांदी सहन करणाऱ्या एका यीस्टपासून २ ते ५ नॅनोमीटरचे बारीक कण मिळवले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात २००६मध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटसच्या गाळलेल्या पाण्यात अवघ्या दहा मिनिटांत कण दिसू लागले. जैविक पद्धत म्हणजे संथ पद्धत, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने कुजलेल्या आल्यावरून फ्युजेरियम ॲक्युमिनाटम वेगळी केली आणि कणांचा प्रभाव रोगकारक जिवाणूंवर तपासला. बुरशीने बनवलेली चांदी फ्लुकोनाझोल या औषधाच्या जोडीने रोगकारक बुरशीला मारते, हेही त्यांनी दाखवले. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘सिरकॉट’चे काम कापडाच्या सर्वांत जवळचे. तिथे २००७मध्ये ॲस्परजिलस फ्लेव्हसपासून नऊ नॅनोमीटरच्या आसपासचे कण बनवले गेले, आणि आळंबीचे पीक काढून झाल्यावर उरणाऱ्या भुशातूनही प्रथिनाचे कवच असलेली चांदी मिळवली गेली.

या यादीतली प्रत्येक बुरशी कारखान्यात आणण्याजोगी नाही. ॲस्परजिलस फ्युमिगेटस दुबळ्या फुप्फुसांत घर करते. ॲस्परजिलस फ्लेव्हस भुईमुगात अफ्लाटॉक्सिन सोडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. फ्युजेरियमचे बीजाणू सांडपाण्यातून शेतात गेले तर मर रोगाला आमंत्रण. वेग किंवा आकार बघून बुरशी निवडणे म्हणून अपुरे पडते, हे शोधनिबंधांत क्वचितच बोलले जाते. या दृष्टीने ट्रायकोडर्मा सोयीची. शेतकरी ती मर रोगाविरुद्ध बियाण्याला चोळतातच, आणि २००८मध्ये ट्रायकोडर्मा ॲस्पेरेलमपासून १३ ते १८ नॅनोमीटरचे, महिनोन्महिने न बिघडणारे कण मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. ॲस्परजिलस नायजरही विचारात घेण्यासारखी आहे. सायट्रिक ॲसिडसाठी ती शंभरेक वर्षे कारखान्यांच्या टाक्यांत वाढवली जाते, त्यामुळे तिच्या सवयी अभियंत्यांना पाठ आहेत.

चंबू तपकिरी झाला म्हणजे काम झाले असे नाही. वर्णपटमापकावर ४२० नॅनोमीटरजवळ एकच टोकदार शिखर आले तर कण छोटे आणि साधारण सारखे. शिखर पसरट झाले किंवा लांब तरंगलांबीकडे सरकले तर कण मोठे झालेले किंवा गोळा झालेले. क्ष-किरण विवर्तनातून स्फटिक चांदीचाच आहे की सिल्व्हर क्लोराइडचा, हे कळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात आकार मोजता येतो, आणि अवरक्त वर्णपटात प्रथिनांच्या अमाइड पट्ट्या दिसल्या तर कवच प्रथिनाचे असल्याचा पुरावा मिळतो. हे कवच कापडाच्या दृष्टीने कामाचे आहे. बोरोहायड्राइडने बनवलेल्या कणांना बाहेरून आधार द्यावा लागतो, इथे तो आधीच असतो. पण त्याच कवचामुळे कणाचा विद्युतभार द्रावणाच्या आम्लतेप्रमाणे बदलतो, आणि कापडावर तो किती बसेल हेही.

कापडाकडे येताना आधी खळ काढणे, उकळणे आणि ब्लीच करणे हे नेहमीचे सोपस्कार पूर्ण झालेले असावे लागतात, नाहीतर मेण व खळीमुळे द्रव सुतात शिरतच नाही. मग कापड नॅनोचांदीच्या कुंडातून नेऊन पॅडिंग मशीनच्या दोन रबरी रुळांमधून पिळतात. शंभर किलो कापडाने सत्तर ते शंभर किलो द्रव उचलला की पिळणे बरोबर झाले असे मानतात. त्यानंतर स्टेंटर या कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रात वाळवून, गरज असेल तर १४०-१५० अंशांवर काही मिनिटे पक्के करतात. इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या कोणत्याही प्रोसेस हाऊसला यातले एकही यंत्र नवे नाही, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. चांदीही फार लागत नाही. लिटरमागे ५० मिलिग्रॅम चांदी असलेल्या कुंडातून वजनाइतका द्रव उचलणाऱ्या कापडावर किलोला ५० मिलिग्रॅम चांदी येते, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या शर्टावर दहा मिलिग्रॅम.

सेल्युलोज आणि चांदी यांच्यात पक्के रासायनिक नाते नाही. कण सुताच्या खाचाखोचांत आणि तंतूंच्या फटींत अडकून राहतात, प्रथिनाचे कवच हायड्रोजन बंधांनी थोडी मदत करते, आणि धुण्याच्या यंत्रात ही मदत फार काळ पुरत नाही. कैरोजवळच्या दोक्की येथील राष्ट्रीय संशोधन केंद्राने २०१०मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे यासाठी बोलके आहेत. फ्युजेरियम सोलानीपासून मिळवलेले ३ ते ८ नॅनोमीटरचे कण वर सांगितलेल्या ५० मिलिग्रॅमच्या प्रमाणात सुती कापडावर चढवले, तेव्हा स्टॅफिलोकॉकस ऑरियसची संख्या ९७ टक्क्यांनी आणि ई. कोलायची ९१ टक्क्यांनी घटली. वीस धुण्यांनंतर हेच आकडे ५३ आणि ४९च्या आसपास आले. कुंडात बाइंडर, म्हणजे कणांना धाग्यावर चिकटवणारे ॲक्रिलिक पॉलिमर, मिसळल्यावर मात्र वीस धुण्यांनंतरही ९४ आणि ८५ टक्के प्रभाव टिकला. बाइंडरची किंमत कापडाच्या हाताला जाणवते. ते थोडे ताठर होते आणि हवाही जरा कमी खेळते. सायट्रिक ॲसिडसारख्या बहुकार्बोक्सिलिक आम्लांनी सेल्युलोजचे दुवे जोडणे किंवा कायटोसानचा थर देणे हे पर्यायही तपासले गेले आहेत. पॉलिएस्टरवर तर धरून ठेवायला काहीच नसते, तिथे आधी प्लाझ्माने पृष्ठभाग खरवडून घ्यावा लागतो.

रंगाची अडचण लहान वाटते, पण बाजारात तीच आडवी येते. जो तपकिरी रंग प्रयोगशाळेत यशाची खूण असतो तो पांढऱ्या चादरीवर डाग म्हणून दिसतो. चांदीचे प्रमाण कमी ठेवले तर फिकट पिवळसर झाक राहते, वाढवले तर कापड जुने वाटू लागते. रुग्णालयाचे हिरवे-निळे गाऊन ती झाक पोटात घालतात, पांढरे अभ्रे नाहीत.

जंतुरोधकता मोजण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिलीत जिवाणू पेरलेल्या पोषक जेलीवर कापडाचा तुकडा ठेवतात आणि त्याच्याभोवती जिवाणूविरहित मोकळी कड किती रुंद पडली ते पाहतात. दुसरीत ठरावीक संख्येचे जिवाणू कापडावर सोडून २४ तासांनी जिवंत किती उरले ते मोजतात. अमेरिकी एएटीसीसी १०० आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ २०७४३ ही मानके दुसऱ्या वर्गातली. छायाचित्रात मोकळी कड उठून दिसते, म्हणून ती लोकप्रिय. पण ती कड पडते तीच मुळी चांदी कापड सोडून बाहेर पडल्यामुळे. रुंद कड दाखवणारे कापड जाहिरातीला चांगले आणि धुण्याला वाईट असण्याची शक्यता असते. टिकाऊपणाचा दावा करायचा असेल तर संख्या मोजणारी चाचणी, तीही धुण्याआधी आणि धुण्यानंतर, हवी.

गेलेली चांदी जाते कुठे, याचा अंदाज ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या बेन आणि वेस्टरहॉफ यांच्या २००८च्या कामातून आला. त्यांनी बाजारातले सहा प्रकारचे चांदीयुक्त मोजे विकत आणून नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात हलवले. काही मोज्यांत ग्रॅममागे १३६० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी होती. काहींनी अर्ध्या लिटर पाण्यात ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी सोडली, आणि काहींनी जवळजवळ काहीच नाही. फरक होता तो चांदी बसवण्याच्या पद्धतीत. हे मोजे बुरशीच्या चांदीचे नव्हते, तरी धडा तोच. सांडपाणी प्रक्रियेत बहुतेक चांदी गंधकाशी जोडली जाऊन सिल्व्हर सल्फाइड होते आणि गाळात उतरते. या रूपात तिचा उपद्रव बराच कमी होतो. मोकळा चांदीचा आयन मात्र मासे, शेवाळ आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू यांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतो, आणि प्रक्रिया न करता थेट नदीत सोडलेल्या पाण्याला सल्फाइडचा हा दिलासा मिळतोच असे नाही. युरोपीय संघाच्या जैवनाशक नियमावलीनुसार, जंतुनाशक म्हणून नॅनोपदार्थ वापरलेल्या वस्तूच्या लेबलावर त्या पदार्थाच्या नावापुढे ‘नॅनो’ असे लिहावे लागते.

जिवाणू चांदीला सरावत नाहीत, ही समजूतही खरी नाही. १९७५मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागातून चांदीला न जुमानणारा साल्मोनेला नोंदवला गेला. पुढे त्याच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीतल्या सुट्या डीएनए-वलयावर, चांदीचे आयन पकडून पेशीबाहेर फेकणारी जनुके सापडली. २०१८मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी आणखी एक युक्ती उघड केली. नॅनोचांदीच्या वारंवार संपर्कात आलेले ई. कोलाय फ्लॅजेलिन हे प्रथिन बाहेर सोडतात, आणि त्यामुळे कण एकत्र येऊन गोळा होतात व निष्प्रभ ठरतात. मोज्याचा वास घालवण्यासाठी चांदी सरसकट वापरणे या पार्श्वभूमीवर उधळपट्टीचे वाटते. भाजलेल्या जखमेची पट्टी किंवा अतिदक्षता विभागातले कापड यांसाठी ती राखून ठेवण्यात अधिक शहाणपण आहे.

बुरशीच्या पद्धतीला सर्रास ‘हरित’ म्हटले जाते. बोरोहायड्राइड टळते हे खरे, पण सिल्व्हर नायट्रेट तेच राहते. पोषकद्रव लागते, ऑटोक्लेव्हची वीज लागते, बुरशी धुवायला भरपूर ऊर्ध्वपातित पाणी लागते, आणि मिलिमोलर द्रावणातून लिटरला फार तर १०८ मिलिग्रॅम चांदी मिळते. याहून दाट द्रावणात कण मोठे होतात किंवा गोळा होऊ लागतात. त्याहून डोकेदुखी सातत्याची. बुरशीचे वय, पोषकद्रवाची खेप, चंबूतली हवा, पाण्याचा पीएच यांपैकी काहीही बदलले की स्राव बदलतो आणि कणांचा आकारही. तोच वाण वर्षानुवर्षे पेट्रीडिशवरून पेट्रीडिशवर उतरवत राहिले तर त्याचा गुणही हळूहळू ढळतो. कापड कारखान्याला मात्र सोमवारच्या आणि शुक्रवारच्या कुंडात एकच गोष्ट हवी असते. सायट्रिक ॲसिडच्या किंवा पेनिसिलिनच्या कारखान्यांनी हेच प्रश्न सोडवले आहेत, पण त्यांच्या मालाची मागणी टनांत आहे. नॅनोचांदीची मागणी किलोंत असल्याने तेवढा खर्च करायला कोणी सहज पुढे येत नाही. बाजारातली चांदीयुक्त कापडे म्हणूनच अजूनही बहुतांशी रासायनिक मार्गाने बनलेली चांदी, सिल्व्हर क्लोराइड किंवा झिओलाइटमध्ये धरलेले चांदीचे आयन वापरतात.

कापड धुताना चांदी घेऊन जाणाऱ्या पाण्याचा विचार काम्पिनासच्या गटाने २००७मध्येच केला होता. फ्युजेरियमच्या चांदीने सुती कापड जंतुरोधक करून झाल्यावर धुण्याचे पाणी त्यांनी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जांभळ्या जिवाणूच्या ताब्यात दिले. जिवाणूने पाण्यातली चांदी बऱ्याच प्रमाणात उचलून घेतली. गाळून टाकलेल्या बुरशीचा चोथाही याच कामी येऊ शकतो. मेलेल्या बुरशीच्या पेशीभित्तिकेतले कायटिन आणि प्रथिने धातूंचे आयन धरून ठेवतात, आणि तो चोथा वाळवून जाळला की राखेत उरलेली चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून पुन्हा सिल्व्हर नायट्रेट करता येते.